ब्लॅकबर्न रोव्हर्स: पुण्याहून चालणाऱ्या इंग्लिश फुटबॉल क्लबविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या वायव्य भागातील लँकेशायरमध्ये ब्लॅकबर्न हे एके काळी कापडगिरण्यांसाठी ओळखले जाणारे, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे गाव आहे. मराठी वाचकांना ते ठाऊक असते ते बहुधा एकाच कारणामुळे: तिथला फुटबॉल क्लब पुण्याच्या 'वेंकीज' समूहाने विकत घेतला. त्यामुळे येणारे बहुतेक प्रश्न २०१० पासून सुरू होतात. क्लबचा जन्म मात्र १८७५ चा आहे आणि वेंकीजच्या काळात जे घडले त्याची मुळे आधीच्या एकशे पस्तीस वर्षांत सापडतात. म्हणून उत्तरे तिथूनच सुरू केली आहेत.

क्लबची स्थापना कोणी आणि कशी केली?

५ नोव्हेंबर १८७५ रोजी ब्लॅकबर्नमधील लेजर हॉटेलात एक बैठक झाली. ती जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या दोन तरुणांनी बोलावली होती. जमलेली मंडळी गिरणी कामगार नव्हती. ती खासगी शाळांत शिकलेली, खात्यापित्या घरची मुले होती. पहिला सामना त्याच वर्षी १८ डिसेंबरला जवळच्या चर्च या गावी झाला आणि तो १-१ असा बरोबरीत सुटला.

क्लबला सुरुवातीला स्वतःचे मैदान नव्हते. ऊझहेड येथील ज्या शेतात संघ खेळू लागला, त्याच्या मधोमध गुरांना पाणी पाजण्याचा खड्डा होता. सामन्याच्या दिवशी त्यावर फळ्या टाकून वर हिरवळीचे तुकडे अंथरले जात. पुढे क्रिकेटच्या अलेक्झांड्रा मेडोज मैदानावर, मग लेमिंग्टन रोडवर मुक्काम करत क्लब १८९० मध्ये ईवुड पार्कवर आला आणि आजतागायत तिथेच आहे.

संस्थापकांपैकी लुईस यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ते पुढे नामवंत पंच झाले. इंग्लंडमधील सर्वांत जुन्या स्पर्धेचे, म्हणजे एफए कपचे, अंतिम सामने त्यांनी सांभाळलेच, शिवाय १९०८ आणि १९२० या दोन ऑलिम्पिकमधील फुटबॉलच्या अंतिम सामन्यांतही पंचगिरी केली. १९२० मध्ये अँटवर्पला यजमान बेल्जियमविरुद्ध खेळणारा चेकोस्लोव्हाकियाचा संघ पहिल्या डावातच त्यांच्या निर्णयांवर चिडून मैदान सोडून गेला आणि सुवर्णपदक बेल्जियमला देण्यात आले. त्या वेळी लुईस पासष्टीचे होते.

एफए कप पहिल्यांदा कामगारांच्या संघाने जिंकला, तो रोव्हर्सच ना?

नाही. हा घोटाळा मराठीतच नव्हे, इंग्रजी लिखाणातही होतो. १८८३ मध्ये एफए कप जिंकून खासगी शाळांत शिकलेल्या उमरावांच्या संघांची मक्तेदारी मोडणारा संघ ब्लॅकबर्नचाच होता, पण तो 'ब्लॅकबर्न ऑलिम्पिक'. त्यात विणकर, प्लंबर अशी हातावर पोट असलेली माणसे होती. अंतिम सामन्यापूर्वी हा संघ सरावासाठी समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाऊन राहिला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. जादा वेळेत त्यांनी ओल्ड इटोनियन्सला, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला, २-१ असे हरवले.

आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, रोव्हर्स अंतिम फेरीत गेला होता. उत्तर इंग्लंडमधला कोणताही संघ त्याआधी तिथवर पोहोचला नव्हता. त्याच ओल्ड इटोनियन्सकडून तो १-० असा हरला. थोडक्यात, दार ठोठावले रोव्हर्सने आणि ते उघडले शेजाऱ्यांनी. मात्र ऑलिम्पिककडे पैसा नव्हता. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा एका गावातून एकच संघ घेण्याचे धोरण होते आणि निवड रोव्हर्सची झाली. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिक बंद पडला. चांगला संघ आणि टिकणारा क्लब यांतला फरक पैशाने ठरतो, हे ब्लॅकबर्नने तेव्हाच पाहिले.

मग रोव्हर्सने एकूण काय काय जिंकले?

एफए कप सहा वेळा: १८८४, १८८५, १८८६, १८९०, १८९१ आणि १९२८. इंग्लंडचे लीग विजेतेपद तीन वेळा: १९११-१२, १९१३-१४ आणि १९९४-९५. लीग कप एकदा, २००२ मध्ये, कार्डिफला टॉटनहॅमचा २-१ असा पराभव करून. त्यात मॅट जॅन्सन आणि अँडी कोल यांचे गोल होते. १९८७ मध्ये वेम्बलीवर चार्ल्टनला हरवून मिळवलेला फुल मेंबर्स कपही आहे. बाहेरच्यांना तो फारसा आठवत नाही, ब्लॅकबर्नमध्ये मात्र कॉलिन हेन्ड्रीचा तो एकमेव गोल अजून सांगितला जातो.

यांतला सर्वांत दुर्मीळ पराक्रम १८८४ ते १८८६ या सलग तीन एफए कपांचा. अशी हॅटट्रिक त्याआधी फक्त वाँडरर्स या लंडनच्या संघाने केली होती आणि त्यानंतर आजवर कुणालाही जमलेली नाही. पहिले दोन अंतिम सामने ग्लासगोच्या क्वीन्स पार्कविरुद्ध होते. तिसरा वेस्ट ब्रॉमविरुद्ध बरोबरीत सुटल्याने पुन्हा डर्बीला खेळवावा लागला आणि रोव्हर्सने तो २-० असा जिंकला. या कामगिरीबद्दल फुटबॉल असोसिएशनने (एफए) क्लबला खास घडवलेली चांदीची ढाल दिली. १८९० च्या अंतिम सामन्यात शेफिल्डच्या वेन्सडे क्लबवर ६-१ असा विजय मिळाला. त्यात विल्यम टाउनली याने तीन गोल केले. एफए कपच्या अंतिम सामन्यातील ही पहिली हॅटट्रिक. हाच टाउनली पुढे जर्मनीत प्रशिक्षक झाला आणि त्याने तिथल्या क्लबांना राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली.

त्या काळी खेळाडूंना पगार देणे बेकायदा होते. मग एवढे चांगले खेळाडू आले कुठून?

स्कॉटलंडमधून, आणि पगार घेऊनच. १८८५ च्या जुलैपर्यंत व्यावसायिक फुटबॉलला मान्यता नव्हती, परंतु लँकेशायरमधील क्लब त्याआधी कितीतरी वर्षे टेबलाखालून पैसे देत होते. यातले सर्वांत गाजलेले नाव फर्गस सूटर याचे. हा ग्लासगोकडचा पाथरवट. आधी तो ब्लॅकबर्नच्या शेजारी असलेल्या डार्वेन या संघाकडे आला. इंग्लंडचा दगड घडवायला फारच कठीण आहे, असे सांगून त्याने छिन्नी खाली ठेवली, असे म्हणतात. मग त्याचा चरितार्थ कशावर चालत होता, हे न विचारण्याचे शहाणपण सगळ्यांनी दाखवले. १८८० मध्ये तो रोव्हर्सकडे गेला. जास्त पैसे मिळाल्यानेच गेला, असा डार्वेनकरांचा आरोप होता आणि दोन्ही गावांतले वैर त्यावरून हातघाईवर आले.

या क्लबच्या इतिहासाकडे पाहण्याची खरी चावी मला इथे दिसते. 'पैसा ओतून जिंकणारा क्लब' ही टीका रोव्हर्सवर १९९५ मध्ये झाली, पण ती १८८० मध्येही होत होती. गाव लहान, प्रेक्षक मर्यादित. त्यामुळे तिकिटांच्या उत्पन्नावर मोठ्या शहरांशी बरोबरी करणे या क्लबला कधीच परवडले नाही. जेव्हा जेव्हा रोव्हर्स शिखरावर पोहोचला, तेव्हा मागे कुणीतरी धनिक उभा होता.

१९१२ आणि १९१४ च्या विजेतेपदांमागेही असा कुणी होता का?

होता, आणि त्याचे आडनावच कॉटन होते. लॉरेन्स कॉटन हे स्थानिक गिरणीमालक १९०५ मध्ये अध्यक्ष झाले. त्यांनी ईवुड पार्कवर नवे स्टँड बांधले आणि खेळाडूंवर सढळ हाताने खर्च केला. १९१३ मध्ये वेस्ट हॅमकडून डॅनी शे याला २,००० पौंडांना आणले, तेव्हा तो विक्रमी आकडा होता. पुढच्या हंगामात शेने लीगमध्ये २७ गोल करून त्याची परतफेड केली.

मात्र त्या संघाचा कणा विकत आणलेला नव्हता. उजव्या बाजूचा बचावपटू आणि कर्णधार बॉब क्रॉम्प्टन हा ब्लॅकबर्नचाच, पेशाने प्लंबर. १८९६ ते १९२० अशी चोवीस वर्षे तो एकाच क्लबकडून खेळला. इंग्लंडकडून त्याने खेळलेल्या ४१ सामन्यांचा विक्रम १९५२ पर्यंत अबाधित होता. १९२८ मध्ये रोव्हर्सने हडर्सफील्डला ३-१ असे हरवून एफए कप जिंकला, तेव्हा संघाची सूत्रे त्याच्याकडेच होती. त्या सामन्याच्या पहिल्याच मिनिटात जॅक रॉसकॅम्पने गोलरक्षकाला चेंडूसकट जाळ्यात ढकलले होते. तेव्हाच्या नियमांत ते बसत असे. मार्च १९४१ मध्ये ईवुड पार्कवर बर्नलीविरुद्धचा सामना पाहत असतानाच क्रॉम्प्टनला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच संध्याकाळी त्याचे निधन झाले.

बर्नलीशी वैर कशावरून?

अंतरावरून, एवढेच उत्तर खरे तर पुरे. दोन्ही गावे एकमेकांपासून वीस किलोमीटरच्या आसपास, दोन्ही गिरण्यांची, दोन्ही १८८८ च्या लीगच्या बारा संस्थापक क्लबांत. लीगमधल्या पहिल्याच भेटीत रोव्हर्सने बर्नलीच्या मैदानावर ७-१ असा विजय मिळवला आणि पुढचे सगळे त्यातूनच आले.

एक सामना मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. डिसेंबर १८९१, टर्फ मूर मैदान, हाडे गोठवणारी थंडी आणि बर्फ. मध्यंतराला बर्नली ३-० असा पुढे होता. रोव्हर्सच्या खेळाडूंना परत मैदानात उतरण्याची अजिबात इच्छा नव्हती. खेळ पुन्हा सुरू झाला तसा रोव्हर्सचा जो लॉफ्टहाउस आणि बर्नलीचा अलेक्झांडर स्टुअर्ट यांच्यात मारामारी जुंपली. पंचांनी दोघांना बाहेर काढले, तर रोव्हर्सचे उरलेले खेळाडूही त्यांच्यामागे निघून गेले. उरला एकटा गोलरक्षक, हर्बी आर्थर. पंचांनी खेळ चालू ठेवला. बर्नलीने चाल रचली, चेंडू पुढे दिला आणि आर्थरने हात वर करून ऑफसाइडची दाद मागितली. समोर एकच विरोधक असताना पुढे दिलेला कोणताही पास तेव्हाच्या नियमाने ऑफसाइडच ठरणार होता, त्यामुळे दाद मान्य झाली. मग फ्री किक घ्यायला आर्थरने इतका वेळ लावला, की कंटाळून पंचांनी सामनाच थांबवला. पास द्यायला त्याच्याकडे होते तरी कोण?

भारताशी या गावाचा संबंध वेंकीजपासूनच सुरू झाला का?

मुळीच नाही. ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेल्या कापडाचा मोठा भाग भारतातच येत असे आणि त्यात धोतरजोड्यांचा वाटा मोठा होता. उलट दिशेने, मुंबईच्या गिरणगावात १८५० च्या दशकापासून जी यंत्रे बसली, त्यांतली पुष्कळशी लँकेशायरमध्येच, ओल्डहॅमसारख्या गावांत, तयार झालेली होती. पहिल्या महायुद्धात लँकेशायरहून येणारा माल आटला, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी ती जागा घेतली आणि युद्ध संपल्यावर ब्लॅकबर्नची बाजारपेठ पूर्ववत झालीच नाही. नंतर स्वदेशीच्या चळवळीने आणि जपानी कापडाने उरलेसुरले काढून घेतले.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी सप्टेंबरच्या अखेरीस लँकेशायरला आले, ते ब्लॅकबर्नला अगदी लागून असलेल्या डार्वेनच्या परिसरात उतरले. बहिष्कारामुळे ज्यांचे माग थांबले होते, त्याच कामगारांना भेटण्याची गांधीजींची इच्छा होती. गिरणीतल्या हसऱ्या बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या गांधीजींचे प्रसिद्ध छायाचित्र तिथलेच आहे.

याचा फुटबॉलशी संबंध काय, असे कुणी विचारेल. संबंध सरळ आहे: शनिवारी तिकीट काढून मैदानात येणारा माणूस गिरणीत काम करत होता. गिरण्या बंद पडत गेल्या तसे गावाबरोबर क्लबचेही उत्पन्न आटले आणि १९३६ मध्ये, संस्थापक सदस्य असलेला रोव्हर्स प्रथमच अव्वल श्रेणीतून खाली घसरला. घसरणीला गिरण्या हे एकमेव कारण नव्हते, पण त्यांना वगळून ती समजत नाही.

पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत गुजरात आणि पाकिस्तानातून आलेल्या कामगारांनी उरलेल्या गिरण्यांच्या रात्रपाळ्या चालवल्या. आज ब्लॅकबर्नमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांची संख्या मोठी आहे, मात्र ईवुड पार्कच्या स्टँडमध्ये ते त्या प्रमाणात दिसत नाहीत, ही क्लबची जुनी उणीव. २०२२ च्या मे महिन्यात रमजान ईदची नमाज थेट मैदानाच्या हिरवळीवर झाली. असे करणारा हा इंग्लंडमधील पहिला फुटबॉल क्लब ठरला.

जॅक वॉकर कोण होते?

ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेले, वडिलांचा लहानसा पत्र्याचा धंदा भावासह वाढवून देशातील मोठ्या पोलाद व्यापाऱ्यांपैकी एक झालेले आणि लहानपणापासून रोव्हर्सचे चाहते असलेले गृहस्थ. आपली 'वॉकरस्टील' कंपनी त्यांनी ब्रिटिश स्टीलला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकली आणि जानेवारी १९९१ मध्ये क्लबचा ताबा घेतला.

त्या वेळी रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत चाचपडत होता. १९६६ नंतर तो अव्वल श्रेणीत खेळलेला नव्हता आणि सत्तरच्या दशकात तर दोनदा तिसऱ्या श्रेणीत जाऊन आला होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये वॉकर यांनी केनी डॅल्ग्लिश यांना मॅनेजर म्हणून आणले. लिव्हरपूलला तीन लीग विजेतेपदे मिळवून देणारा माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे येतो, यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. मे १९९२ मध्ये वेम्बलीवरच्या प्ले-ऑफच्या, म्हणजे वरच्या श्रेणीतल्या शेवटच्या जागेसाठीच्या, अंतिम सामन्यात माइक न्यूएलच्या पेनल्टीवर लेस्टरला १-० असे हरवून रोव्हर्स वर आला, तोही नेमका प्रीमियर लीग, म्हणजे अव्वल श्रेणीची नवी स्पर्धा, सुरू होण्याच्या तोंडावर. त्यामुळे १८८८ ची फुटबॉल लीग आणि १९९२ ची प्रीमियर लीग, या दोन्हींच्या संस्थापकांत असलेले क्लब तीनच: अॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न.

त्याच उन्हाळ्यात साउदॅम्प्टनहून अॅलन शिअररला विक्रमी किमतीत आणले गेले. पहिल्या हंगामात २१ सामन्यांत १६ गोल झाल्यावर त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले, तरी पुढच्या तिन्ही हंगामांत त्याने तीसहून अधिक गोल केले. १९९४ मध्ये नॉरिचचा ख्रिस सटन ५० लाख पौंडांना आला. शिअरर-सटन जोडीची चर्चा खूप होते. पण मला त्या संघात गोलरक्षक टिम फ्लॉवर्स, बचावफळीतला हेन्ड्री आणि दोन बगलांवरचे रिपली व विलकॉक्स तितकेच महत्त्वाचे वाटतात. खेळ साधा होता: बगलेतून चेंडू आत टाकायचा आणि डोके किंवा पाय लावायला शिअरर तिथे असायचा.

१९९५ च्या शेवटच्या दिवशी नेमके काय झाले?

१४ मे १९९५. रोव्हर्सचे ८९ गुण, मँचेस्टर युनायटेडचे ८७. रोव्हर्सचा सामना लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर, म्हणजे डॅल्ग्लिश यांच्याच जुन्या घरी. युनायटेडचा लंडनला वेस्ट हॅमविरुद्ध. रोव्हर्स जिंकला असता तर प्रश्नच नव्हता. पण तो जिंकला नाही आणि युनायटेड जिंकला, तर करंडक मँचेस्टरला जाणार होता.

शिअररने विसाव्या मिनिटाच्या सुमारास गोल केला. दुसऱ्या डावात जॉन बार्न्सने बरोबरी साधली. तिकडे युनायटेडही पिछाडीवरून १-१ वर आला होता आणि वेस्ट हॅमचा गोलरक्षक मिक्लोस्को एकामागून एक चेंडू अडवत होता. अॅनफिल्डवर भरपाई वेळेत लिव्हरपूलला फ्री किक मिळाली आणि जेमी रेडनॅपने ती थेट जाळ्यात मारली. रोव्हर्स २-१ असा हरला. काही क्षण शिअररसकट सगळे थिजले. इतक्यात लंडनहून निकाल आला: युनायटेडला दुसरा गोल करता आला नव्हता. ८९ विरुद्ध ८८. हरलेल्या संघाने मैदानावर नाचायला सुरुवात केली आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी त्यांचे टाळ्यांनी स्वागत केले, कारण त्यांच्या दृष्टीने युनायटेडला विजेतेपद न मिळणे हाही सोहळाच होता.

इतक्या लवकर घसरण कशी झाली?

विजेतेपदानंतर लगेच डॅल्ग्लिश बाजूला झाले आणि त्यांचे सहायक रे हार्फर्ड यांच्याकडे संघ आला. युरोपातील विजेत्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये रोव्हर्स गटात तळाला राहिला. मॉस्कोच्या सामन्यात तर डेव्हिड बॅटी आणि ग्रॅम ल सो हे रोव्हर्सचेच दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. १९९६ मध्ये शिअररला न्यूकॅसलने दीड कोटी पौंडांना, तेव्हाच्या जागतिक विक्रमी रकमेला, नेले. वॉकर यांचा पैसा होताच, पण आता इतर क्लबांकडेही दूरचित्रवाणीचा पैसा आला होता, आणि तो लहान गावाच्या क्लबपेक्षा मोठ्या शहरांना अधिक फळला. मे १९९९ मध्ये रोव्हर्स खाली गेला. शेवटचा घाव बसला तो युनायटेडविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीने आणि तेव्हाचे मॅनेजर ब्रायन किड हे काही महिन्यांपूर्वीपर्यंत युनायटेडचेच सहायक होते.

ऑगस्ट २००० मध्ये वॉकर यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ग्रॅम सूनेस यांनी संघाला पुन्हा वर आणले. त्यानंतरच्या दशकात रोव्हर्स प्रीमियर लीगमध्ये टिकून होता; मार्क ह्यूज यांच्या काळात २००५-०६ मध्ये सहावाही आला. मालकी वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टकडे होती आणि त्यांना क्लब विकायचा होता.

वेंकीजने क्लब का आणि कितीला घेतला?

वेंकीजमागची व्यंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभी केली. भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाचे ते अध्वर्यू मानले जातात. अंड्यांचे भाव जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. त्यांच्या पश्चात समूहाची धुरा कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव यांच्याकडे आली. १९ नोव्हेंबर २०१० रोजी या कुटुंबाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला आणि त्याच्यावरचे कर्जही अंगावर घेतले. प्रीमियर लीगमधील क्लब भारतीय मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ.

उद्देश उघड होता. जगभर दिसणाऱ्या स्पर्धेतून आपल्या नावाची जाहिरात व्हावी. रोव्हर्सचे खेळाडू वेंकीजच्या चिकनच्या जाहिरातीत झळकले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामनाही खेळला आणि ३-० असा जिंकला. ब्राझीलच्या रोनाल्डिन्योला आणण्याचा प्रयत्नही झाला, पण तो आला नाही.

मग चाहते एवढे संतापले कशावरून?

ताबा घेतल्यावर महिन्याच्या आत मॅनेजर सॅम अॅलरडाइस यांना काढण्यात आले. संघ तेव्हा गुणतक्त्याच्या मध्यावर होता. प्रमुखपदाचा अनुभव नसलेले स्टीव्ह कीन यांच्याकडे सूत्रे गेली. क्लबमधील जुनी, जाणती माणसे एकेक करून बाहेर पडली. मे २०१२ मध्ये विगनकडून घरच्या मैदानावर १-० असे हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर गेला. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती बराच वेळ कुणाच्या हाती लागली नाही. पुढच्या एकाच हंगामात कीन, हेनिंग बर्ग आणि मायकेल अॅपलटन असे तीन मॅनेजर गेले. त्यातले बर्ग ५७ दिवस टिकले.

२०१७ मध्ये, शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ असे हरवूनही, नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच गुण असताना दोन गोलांच्या फरकाने रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या एखाद्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली. तोपर्यंत ईवुड पार्कवरची उपस्थिती २०१० च्या जवळजवळ निम्म्यावर आली होती.

मालकांनी पैसा काढून घेतला, हा आरोप मात्र खरा नाही. क्लबचा तोटा वर्षानुवर्षे तेच भरून काढत आले आहेत. माझ्या मते चूक पैशात नव्हती, अंतरात होती. कॉटन आणि वॉकर यांचा पैसा गाव आणि खेळ जाणणाऱ्या माणसांच्या हातून खर्च झाला. वेंकीजने सुरुवातीची निर्णायक वर्षे बाहेरच्या सल्लागारांच्या भरवशावर काढली आणि पुढे चाहत्यांशी बोलणेच जवळजवळ सोडून दिले. चूक सुधारता येते. सात हजार किलोमीटरवरून पाळलेले मौन लोकांना अपमानासारखे वाटते.

त्यानंतर काही सावरले का?

बरेचसे. टोनी मोब्रे यांच्या मार्गदर्शनाखाली २०१८ मध्ये संघ एका हंगामात दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, परतला. मोब्रे यांना पाच वर्षांहून अधिक काळ दिला गेला, ही मालकांची जमेची बाजू. २०२२-२३ मध्ये प्ले-ऑफची जागा केवळ गोलफरकाने हुकली. क्लबच्या अकादमीत घडलेला अॅडम व्हॉर्टन २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडे गेला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या संघात पोहोचला. खेळाडू घडवायचे आणि विकायचे, हाच आता क्लबचा मुख्य आधार आहे. मधल्या काळात भारतातील एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती, त्याचाही खर्चाच्या नियोजनावर परिणाम झाला.

महिला संघाची गोष्ट अधिक कडू आहे. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे आणि एला टून या २०२२ च्या युरो विजेत्या इंग्लंड संघातील तिघीही कधी ना कधी रोव्हर्सकडे खेळलेल्या. तरीही २०२५ मध्ये, वाढत्या खर्चाची तरतूद न झाल्याने, क्लबने महिलांच्या दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली. तिघींच्या नावाचा अभिमान मिरवणाऱ्या क्लबला हे शोभले नाही.

ईवुड पार्क पाहायचे असेल तर?

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकातून ब्लॅकबर्नला थेट गाडी आहे. मैदानाला जवळचे स्थानक मात्र मिल हिल. तिथून चालत जाता येते. मैदानाची क्षमता ३१ हजारांच्या वर आहे, त्यामुळे एखादा मोठा सामना सोडला तर तिकीट सहज मिळते. ब्लॅकबर्न एंड या स्टँडबाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे आणि मुख्य स्टँडही त्यांच्याच नावाचा आहे. समोरचा रिव्हरसाइड स्टँड नव्वदच्या दशकातील बांधकामातून वगळला गेल्याने इतर तिघांपेक्षा ठेंगणा दिसतो. अर्धी निळी, अर्धी पांढरी जर्सी दुकानात मिळेल. बर्नलीविरुद्धच्या सामन्याला जाणार असाल, तर बर्नलीचा गडद लाल रंग अंगावर नसेल याची तेवढी काळजी घ्यावी.